ज्येष्ठमधाच्या काढ्याची खरी हकीकत

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाच्याने कळवले तसा मी जिन्यावरून पडलो नाही, मला मारले. शेजारच्या लोहाराला खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा मी आठवडाभरच घ्यायला सांगितला होता. "झाडपाला कधी बाधतो होय, आजोबा?" म्हणत तो महिनाभर पीत राहिला. रक्तदाब चढून त्याचे अर्धे अंग लुळे पडले. त्याच्या भावाने माझ्याच खलातला बत्ता उचलून माझा उजवा हात मोडला, दोन दात पाडले. वर म्हणाला, "म्हाताऱ्या, आता ढवळ काढा."

डाव्या हाताने लिहितो आहे. जेवण गिळता येते.

रक्तदाब तुलाही आहे, आणि तुझी ज्येष्ठमधाची बरणी मीच भरून दिली होती. खोकला थांबला का?

भाच्याने कळवलेल्या तारखा दुरुस्त करून घे. काढा दिला दोन मार्चला. मारहाण पाच एप्रिलला, सातला नव्हे. तुझा काढा बंद, हे पत्र हाती पडेल त्या दिवसापासून.

तुझा दादा