एक्केचाळीस बाजारांची तळटीप

मी, या प्रदेशाच्या अभ्यासाला वाहिलेल्या त्रैमासिकाचा संपादक, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणाचाही दाब नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी मौन पाळले आहे.

१. माझ्या स्वकष्टार्जित दोन खोल्या आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे.

२. त्रैमासिकाचे सर्व जुने अंक इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना. अट एकच, 'इतर' अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात ते ठेवू नयेत. परदेशातले प्रबंध ज्याचा आधार घेतात, ते त्रैमासिक त्यांच्याकडे मोडक्या पंख्याशेजारी धूळ खात पडले आहे. हा राग मी सोबत नेणार नाही, इथेच ठेवून जातो.

३. संपादकाची खुर्ची सहसंपादकांना. तिच्यावर त्यांचा वीस वर्षे डोळा आहे. उजवा पाय डुगडुगतो, हे त्यांना बसल्यावर कळेल.

४. उल्लेखांची वहीही सहसंपादकांना. आमच्या लेखांचा आधार कोणी, कुठे घेतला हे मी तिच्यात टिपत आलो. सर्वांत जास्त उल्लेख 'खोऱ्यातले आठवडी बाजार' या माझ्या लेखाचे, दोनशे बारा. त्या लेखाने त्रैमासिकाला नाव दिले आणि मला मान.

आता खरे लिहितो. ते एक्केचाळीस बाजार माझी बहीण हिंडली. आठवडाभर शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात एकेका विक्रेत्याला गाव विचारत फिरायची. मी घरी बसून लेख लिहिला. शेवटच्या तळटीपेत तिचे नाव होते. अंक चौसष्ट पानांत बसेना, तेव्हा मी ती तळटीप काढली. पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ म्हणालो. पण लेखाचे कौतुक सुरू झाले आणि माझी जीभ रेटली नाही. तिने कधी विषय काढला नाही, म्हणून तर मला जास्त लाज वाटते.

५. सबब, माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्याच अंकात सहसंपादकांनी दुरुस्ती छापावी, की हा लेख आम्हा दोघांचा असून तिचे नाव आधी वाचावे.

पुरवणी. वरील मसुदा काल बहिणीला वाचायला दिला. तिने चौथ्या कलमावर बोट ठेवले.

"दादा, दोनशे बारा नाही. दोनशे सतरा."

"तुला कसं माहीत?"

"मीपण मोजतेय ना. पहिल्यापासून."

मग तिने पाचवे कलम वाचले आणि चष्मा काढला.

"आणि हे तू गेल्यावर कशाला? तेव्हा मी भांडू कोणाशी?"



तरी चौथ्या कलमात दोनशे सतरा असे वाचावे. पाचवे कलम रद्द समजावे. दुरुस्ती याच अंकात, पहिल्या पानावर जात आहे. पाने चौसष्टच आहेत, म्हणून माझे संपादकीय काढले आहे.

सही: संपादक
साक्षीदार: १. छापखान्याचे मालक २. दाखला देणारे डॉक्टर
(बहिणीला वाटा असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.)
स्थळ: त्रैमासिकाचे कार्यालय, म्हणजे आमची पुढची खोली
तारीख: अंक छपाईला गेला तो सोमवार