वरचे, खालचे आणि एक गुडघा

प्रिय ॲड्रियन,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझी आई ठणठणीत आहे. माझी एक बरगडी तेवढी मोडलीय, म्हणून बसल्या बसल्या लिहितोय.

मंगळवारी आपल्या गावच्या वार्षिक खेळाचा चेंडू सुटला, आणि अख्खं गाव दोन बाजू करून त्याच्यामागे. दुकानांना फळ्या ठोकलेल्या, सणाचे पॅनकेक तव्यावर टाकून माणसं पळालेली, सगळं नेहमीसारखंच. नदीच्या वरच्या अंगाला जन्मलेले आम्ही वरचे, पलीकडचे ते खालचे. तुझी आई नेमकी बाळंतपणाच्या दिवशी पलीकडे मावशीकडे चहाला गेली आणि तू तिथेच जन्मलास, म्हणून माझ्या घरात एक खालचा निपजला. यावरून मी तिला अजून टोमणे मारतो. ती म्हणते, "मग तू का नाही बाळंत झालास, इकडच्या बाजूला?"

तीनच्या सुमारास चेंडू नदीत गेला. एकाहत्तराव्या वर्षी मी पाण्यात उतरायला नको होतं, कबूल. पण खालच्यांपैकी एक दांडगा ओरडला, "म्हातारबा, घरी जा, सूप गार होतंय!" मग काय, उतरलोच. कमरेएवढं बर्फासारखं पाणी आणि वर शंभरेक माणसांचा रेटा. पाय घसरला, खाली गेलो, वर येता येईना. तेवढ्यात कोणीतरी मानगूट धरून मला काठावर फेकलं. "मरायचंय का, बर्नार्ड? अक्कल गहाण टाकलीस की काय!" बघतो तर ग्लेन, आमच्या वरच्यांतला. तोवर चेंडू त्याच्याच हातात होता. गिरणीच्या दगडावर तीनदा आपटला असता तर गोल, आणि चेंडू जन्मभर त्याचा. माझ्यासाठी तो त्यानं सोडला. खालच्यांनी पळवला आणि गोल केला.

होय, तोच ग्लेन. तुम्ही दोघं मिळून गावातली छपरं दुरुस्त करायचात. नऊ वर्षांपूर्वीच्या खेळात तुझा गुडघा कायमचा गेला, छपरावर चढणं सुटलं, धंदा मोडला. गर्दीत मागून पाय ओढला तो ग्लेननंच, असं तू ठरवलंस. तो शपथा घेत राहिला. तू त्याचं तोंड बघायचं नाही म्हणून ब्रिस्टल गाठलंस आणि गावात पुन्हा पाऊल टाकलं नाहीस. तुझी आई दर ख्रिसमसला तुझं ताट मांडते, मग उचलते.

ॲड्रियन, त्या गराड्यात तुझ्यामागे आणखी एक वरचा होता. माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत खालच्यांसाठी गोल करणार, हे मला सहन होईना. पाय मी ओढला. गुडघा मोडल्याचा आवाज मी ऐकला. हॉस्पिटलात तू ग्लेनचं नाव घेतलंस, तेव्हा मी खाटेशेजारीच बसलो होतो, आणि गप्प राहिलो. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता नऊ वर्षं गेली. मला लाज वाटते रे. काल ग्लेनकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. बरोबरच केलं त्यानं. तू आधी त्याला पत्र लिही. मला नाही लिहिलंस तरी मी समजेन.

तुझा बाप,
बर्नार्ड