बेटावर ठेवलेली माय

हॅवलॉक बेट, अंदमान
दि. २६ एप्रिल २०१६

चि. सौ. उज्ज्वलास दादाचे आशीर्वाद.

आमी दोघं बरे हाव. वरचं गाव वाचून दचकू नको, आन् आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवू नको. आमी तिरुपतीला न्हाई. गेलतोच न्हाई. "दर्शन लई छान झालं गं" असं माय फोनवर बोलली, ते सुंदररावांच्या माणसानं, बिभीषणनं, तिच्याकडनं घोकून घेतलं होतं. स्पीकर चालू ठेवून तो शेजारीच बसला होता.

दूध संस्थेच्या चेअरमनची निवडणूक झाल्याबिगर संचालक गावात ठेवत न्हाईत, हे तुला काय नवं न्हाई. तेरातले सात सुंदररावांकडं, आन् सातवी आपली माय. मागच्या खेपेला गोव्यातनं एकजण एसटी धरून पळाला आन् खुर्ची गेली. म्हणून यंदा त्यांनी असं ठिकाण काढलं, जिथनं एसटीच सुटत न्हाई. सगळ्यांचे फोन आन् आधार कार्डं बिभीषणच्या पिशवीत हायत. मायला वाचता येत न्हाई म्हणून मला सोबत घेतलं. मी उड्या मारत आलो. समुद्र कुठं बघितला होता मी!

बेटावर माणूस दिवसभर करतो काय, असं तू विचारशीलच. इथं लोक येतेत ते पाठीवर टाकी बांधून समुद्रात बुडी मारायला. तो शिकवणारा पोरगा पहिल्या दिवशीच आपल्या आश्रुबातात्यांच्या मागं लागला.

"अंकल, नीचे बहुत सुंदर है."

"आरं बाबा, पाण्याच्या तळाला काय बघायचं? आमच्या हिरीचा तळ रोजच बघतो की फुकटात!"

मग बुडी सोडून बाकीचं सगळं केलं आमी. काचेच्या तळाच्या होडीत बसलो. खाली रंगीबेरंगी मासे, आन् वर सात संचालक वाकून बसलेले, जसं काय दुधाची फॅट बघतेत. मायनं लुगड्यावर नारिंगी जाकीट चढवलं. फोटो काढला असता तर तू पोट धरून हसली असतीस. (पोट धरून हसू नको सध्या.) शिंपले वेचले. शहाळी प्यालो. खाडीत झाडं पाण्यात उभी असतेत, तिथं नेलं तर तात्या नावाड्याला विचारतेत, "हे जनावर खातं का?" नावाड्याला कळंना. तात्यांनी एक पान तोडून चावून बघितलं आन् थुंकलं. "खारट हाय बे. न्हाईतर दोन ट्रक जनावरांच्या छावणीला नेले असते."

मायचा उद्योग येगळाच. वाळूचे पाय धुवायला किनाऱ्यावर नळ हायत, लोक चालू ठेवून जातेत. ही पदर खोचून एकेक बंद करीत फिरती. कुणी हसलं तर म्हणती, "हसा, हसा. आमच्याकडं टँकर यायच्या वक्ताला या."

दोन पानं भरली आन् जे लिहायला बसलो ते अजून लिहिलंच न्हाई.

उजे, निवडणुकीची तारीख पुढं गेली. पंधरा दिवसांनी. तवर आमाला कुणी हलू देत न्हाई. आन् तुझे दिवस तर भरत आले. फोनवर तू म्हणालीस, पाय सुजलेत, प्रेशर वाढलंय, डॉक्टरीणबाई भरती हो म्हणत्यात, पण पहिलं बाळंतपण हाय, माय आल्याबिगर मी उंबरा ओलांडत न्हाई. मायनं तवा "आले गं परवा" म्हटलं. बिभीषण मान हलवत होता. नंतर टॉवरच बंद पडला.

काल दुपारी माय खोलीत न्हवती. धावत धक्क्यावर गेलो. पिशवी मांडीवर घेऊन बोटीच्या रांगेत बसलेली. खिडकीतला माणूस कार्ड मागतोय आन् ही त्याला सांगती, "नांदूरघाटची छबुबाई हाय मी, लेक बाळंत व्हायलीय." तेवढ्यात बिभीषणला घेऊन सुंदरराव आले. मला वाटलं आरडतील. ते तिच्यापाशी खाली फरशीवर बसले.

"अक्का, तुमी गेलात की मी पडलो. मी पडलो की त्या लोकांनी संस्थेची छावणी बंद केली म्हणून समजा. चारशे जनावरं कुठं जातील? तुमचे मालक तिथंच बैलांपाशी निजतेत ना?"

माय म्हणाली, "माजी लेक कुठं जाईल?"

"डॉक्टर हायत की, अक्का."

मी म्हणालो, "कार्ड द्या तिचं." बिभीषण म्हणाला, "तू मधी बोलू नको बे, बीए." मी त्याच्या पिशवीला हात घातला. त्यानं नुसतं मनगट धरलं, लई जोरात बी न्हाई. तेवढ्यात बोट सुटली.

माय उठली. "जनावरं मुकी हायत," म्हणाली. "माजी पोरगी बोलती तरी." आन् चालायला लागली. ती थांबली का तिला थांबवली, ते मला अजून सांगता येत न्हाई. मोठा लिहिणारा म्हणून मिरवतो मी कॉलेजात, एवढं एक वाक्य जमंना.

हे पत्र रामहरीकडं देतोय. इथला आचारी, परळीचा. उद्या सुट्टीवर निघतोय. जहाजानं मद्रास, तिथनं रेल्वे, मग तुझ्या हातात. मधी रेंज आली की तो फोन करील. पण अनोळखी माणसाचं तू ऐकायची न्हाईस, मला ठावं हाय. म्हणून माझं अक्षर.

मंजुळाकाकूला घेऊन केजला जा. तिचे दोन्ही नातू तिनंच दवाखान्यात नेऊन आणलेत. पाव्हण्यांना पुण्याहून बोलव. कळा लागायची वाट बघू नको, उंबऱ्याची आण घातली असशील तर ती माझ्यावर घाल. पत्र पोचायच्या आत काही झालं असलं तर... न्हाई, ते लिहीत न्हाई.

मायला विचारलं, तुझ्याकडनं काय लिहू? म्हणाली, "लिही, निघालेय म्हणून."

ती निघालेली न्हाई, उजे. तू नीघ.

तुझा,
मायजवळ असून काही कामाचा नसलेला,
गहिनीनाथदादा