एरंडेलाची नाडी

१५ नोव्हेंबर, शनिवार

आले एकदाची! गोंदियाहून कामठ्यापर्यंत भूपेंद्रने मोटारसायकलवर माझी हाडं खिळखिळी केली, तरी मन प्रसन्न आहे. चहूकडे कापलेलं धान, मधोमध शेठची खासगी धावपट्टी आणि पत्र्याचं हँगर. शेठच्या राईस मिल आहेत, हौस मात्र विमानांची. शंभर वर्षांपूर्वीच्या विमानाची हुबेहूब नक्कल त्यांनी बांधून घेतलीय. तीस तारखेला पाहुण्यांसमोर ती उडवायची. उडवणार भूपेंद्र, माझा धाकटा भाऊ, आणि इंजिन बघणार मी. दुसऱ्या कुणाच्या हातचं इंजिन मी उडवणार नाही ताई, असं गोड बोलून त्याने मला नागपूरहून ओढून आणलं. लबाड मेला! पण ऐकून बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

इंजिन बघून जीव खूश झाला. नऊ सिलिंडर, आणि पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरतं. वंगण म्हणून एरंडेल. एकदा वापरलं की ते बाहेर फेकलं जातं, चालवणाऱ्याच्या थेट तोंडावर. भूपेंद्र सकाळपासून तीनदा लोटा घेऊन पळालाय. भोग म्हणावं!

वैमानिकासमोर काचेची छोटी वाटी आहे. पंप तेल ढकलतो तसं त्यातलं तेल वरखाली होतं. पूर्ण वेगावर मिनिटाला पंचाहत्तर ठोके पडले की तेलाचा दाब ठीक. फिरत्या इंजिनाजवळ घड्याळ, मोबाइल न्यायचा नाही, म्हणून मला इंजिनकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे मी मनगटावर बोटं ठेवून मोजलं. कामात असले की माझी नाडी पंचाहत्तरच चालते. ठोक्याला ठोका जुळला. वहीत लिहिलं, दाब ठीक.

इथले राखणदार सेवकराम पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करून देतात. ते माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले, "आपल्या जिवानं कायले मोजून राहिली बाई? लोखंडाले सवय लागते ना मंग." मी हसले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज खटकलं. अर्ध्या तासात जेवढं तेल संपायला हवं त्याच्या पाऊणपटच संपलं. सिलिंडरही जास्त तापले. म्हणजे तेल पोचत नाहीये. मग ठोके कसे जुळतात? रोज जुळतात, अगदी तंतोतंत.

शेवटी भिंतीवरचं घड्याळ काढून लांब खुंटीला टांगलं आणि त्यावर मोजलं. वाटीत बासष्ट.

मग स्वतःची नाडी मोजली. बासष्ट.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गाळणी धुतली. टाकीपासून पंपापर्यंतची नळी काढून कुठे हवा ओढतेय का ते पाहिलं. पंपाचे दाते मोजले. एरंडेल नवीन भरलं. कुठेच काही नाही. वाटीत छप्पन्न. हँगरची शिडी चढताना मला दम लागला. चौतिशीत! भूपेंद्र म्हणतो, नीट जेवत नाहीस.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गोंदियाला डॉक्टरांकडे जाऊन आले. ईसीजीची पट्टी काढली, हृदय चांगलं आहे म्हणाल्या, फक्त सावकाश चालतंय. एक्कावन्न. रोज धावता का, असं कौतुकाने विचारलं. मला रडू आलं.

परतले तेव्हा भरदुपार होती. इंजिन सकाळपासून बंद. सहज वाटीत डोकावले.

तेल हलत होतं.

श्वास रोखून पाहिलं. हँगरला दोन फेऱ्या पळून आले, तर वाटीतही धडधड वाढलेली. सेवकरामांना बोलावून दाखवलं. त्यांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग म्हणाले, "आता हे तुयाच भरवशावर चालून राहिलं. मी नाही हात लावत." आणि पंख्यासमोर मूठभर नवे तांदूळ ठेवून घरी गेले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उडवायची परवानगी मी देणार नाही. शेठला सांगितलं, तेलाचा दाब कमी आहे. खरं कारण कोणत्या तोंडाने सांगू? ते हिंदीत एवढंच म्हणाले की कार्ड वाटून झालीत. भूपेंद्रला मात्र सगळं सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. आधी झोप घे, म्हणाला.

सत्तेचाळीस.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेठने बाहेरून दुसरा मेकॅनिक आणला. मी खोलीत पडून होते, इंजिनाचा आवाज ऐकला आणि धावत सुटले, ओरडत, अनवाणी, थांबवा म्हणत— पोचले तोवर त्याने लांबून घड्याळ लावून मोजलं होतं. बरोबर पंचाहत्तर. सही केली.

माझ्यामुळेच. मी पळत होते म्हणून—

३० नोव्हेंबर, रविवार

भूपेंद्रने खोलीला बाहेरून कडी घातली. पाहुण्यांसमोर तमाशा नको ताई, संध्याकाळी हव्या तेवढ्या शिव्या घाल. विमानात रेडिओ नाही. त्याचा मोबाइल इथेच ठेवून गेलाय. शेठ फोन उचलत नाहीत. दार तुटत नाही.

दहा वाजून पाच. उडाला. वीस मिनिटं फिरणार.

तो वर आहे तोवर मला पळत राहायचंय. खोलीतल्या खोलीत. वही खिडकीत ठेवलीय.

दहा-नऊ. नाडी सत्तर. आवाज छान येतोय. शाब्बास.

दहा-बारा. एकसष्ट. पडले. गुडघा— पुन्हा उठले.

दहा-सोळा. पळतेय तरी उतरतंय. त्रेपन्न. इंजिन खोकलं. पाहुणे टाळ्या वाजवताहेत, त्यांना वाटतं कसरत—

उतर रे. उतर राजा.

शेहेचाळीस. पाय उचलत नाहीत. उड्या मारते, बसूनच—

एकोणीस मिनि— अजून वरच आहे. अडतीस. उठ रश्मी. एकच फेरी. उठ ग बाई, उ