फायरडॅम्प

बाबा, तुमची नात सोमवारी कोळशाच्या खाणीत रुजू होते आहे. बायकांना आता जमिनीखाली काम करता येतं, कायदा बदलला. तिला जाऊ द्यावं की अडवावं, हे माझं अजून ठरत नाही.

परवा सक्करदऱ्याच्या घरी ती ओट्याला टेकून खाणीच्या कामाचं पुस्तक वाचत होती. मधेच म्हणाली, "आई, फायरडॅम्पमध्ये ओलं काय असते वं?" जन्मभर इंग्रजी शिकवूनही हा शब्द मी कधी उघडून पाहिला नव्हता. शब्दकोश काढला. 'डॅम्प' म्हणजे मुळात ओल नाहीच. जर्मन बोलींच्या बाजूनं आलेला शब्द. अर्थ वाफ, कोंदट हवा. ओल मागाहून चिकटली. वरच्या जगानं जुना अर्थ टाकून दिला, खाणीतल्यांनी धरून ठेवला. म्हणून फायरडॅम्प म्हणजे पेट घेणारी हवा. बस, इतकंच.

तुम्ही ऐकून म्हणाला असता, "अर्थ घेऊन काय करतं? बत्तीची वात बारीक कर अन् पाह्य. ज्योतीवर निळी टोपी दिसली का माणसं बाहेर." पाळीआधी खाली उतरून वायू तपासणं हेच तुमचं काम. ते घरीही सुटलं नाही. मी सातवीत आहे, खिडकी बंद, स्टोव्हसाठी काडी ओढते, आणि तुम्ही दारातून ओरडता, "काहून वं, जीव जड झाला काय तुले?" अहो, रॉकेलचा स्टोव्ह तो! कुणाच्या लग्नाला निघतानाही तुम्ही खाणीवरच्या झडतीसारखे खिसे उलटे करून दाखवायचात, काडेपेटी नाही म्हणून. आई हसायची, "इथं कोण तपासून राहिलं तुमाले?"

लेक हे सगळं ऐकून हसली. मग पान उलटलं. आफ्टरडॅम्प. स्फोटानंतर उरणारी विषारी हवा. ज्वाळेतून वाचलेला माणूस तिच्यात गुदमरून जातो. तुम्हाला घरी आणलं तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता. आई तुमचा खांदा हलवून उठवत राहिली.

"आई, आजोबा स्फोटात जळाले होते काय?" तिनं विचारलं.

मला भीती वाटते, बाबा. अभिमानही वाटतो, पण भीती जास्त. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मी म्हटलं, थांब, दूध उतू जातंय, आणि तिच्याकडे पाठ केली. गॅसवर काहीच नव्हतं.