वेणीवाला हवालदार

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, आणि सोबत एक कडक सॅल्यूट.

"फौज म्हणजे काय कचेरी आहे, सोयीच्या वेळेला जायला?" म्हणालात आणि फोन आपटलात. म्हणून हे पत्र. ते तरी शेवटपर्यंत वाचाल.

होय, मी रीतसर अर्ज करून उशिराची ड्यूटी घेतली आहे. तुमच्या सूनबाईची दवाखान्यात सकाळची पाळी असते, म्हणून पोरीची वेणी मी घालतो, शाळेतही मीच सोडतो. वर्कशॉपमध्ये मला 'वेणीवाला हवालदार' म्हणतात. म्हणेनात का! पहिल्या दिवशी मी रिबिनीला ट्रकच्या ताडपत्रीची गाठ मारली, ती शेवटी कात्रीनेच सुटली. आता जमतं.

माझी एकही गाडी दुरुस्तीवाचून अडलेली नाही. हुकूम आला तर नेसत्या कपड्यांनिशी निघेन. पण रोजच्या परेडसाठी पोरीची सकाळ देणार नाही, हे साहेबांनाही तोंडावर सांगितलंय. यंदा बढती हुकली, तर हुकली.

आईचे गुडघे कसे आहेत? तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ना?

बाबा, तुम्ही रजेवर आलात की मी तुम्हाला बघून आईमागे लपायचो. तुमची नात कुणी अनोळखी दिसलं की माझ्यामागे लपते.

एवढं सोडून बाकी सगळ्यात आज्ञाधारक,
तुमचा मुलगा