गळ्यातली ग्रंथी आणि तुझी गोधडी

आये,

हे तुला वाचता आलं नसतं. आपल्या घरात वाचणारी मी एकटी, तीही चौथीपर्यंत. म्हणून बिनधास्त लिहितेय, चुका काढायला कोणी नाही.

सिंगापुरात थंडी नसते. बारा महिने एकच घाम. आणि मी वर्षभर वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये पंखा बंद करून, नवऱ्याचा जहाजावरचा स्वेटर घालून बसत होते. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, भुवयांची टोकं झडली. भाजी चिरायला घ्यायची आणि विळीकडे बघत बसायचं. शेजारीण म्हणाली, वय झालं. नवरा महिनोन्‌महिने दर्यावर, त्याला काय दिसणार. शेवटी पोरगीच हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. चौदा वर्षांची आहे. इंग्रजी तिचं, सही माझी.

डॉक्टरीण चिनी, माझ्याच वयाची. आधी रक्त काढलं. पुढच्या आठवड्यात कागदावर माणसाचं डोकं आणि मान काढून दाखवली. ती बोलायची आणि पोरगी मला सांगायची.

"आई, इथे गळ्यात एक ग्रंथी असते, बटरफ्लायसारखी. तिचा रस रक्तातून सगळीकडे जातो. मग अंग गरम राहतं, हार्ट नीट चालतं, पोट साफ होतं. आणि डोक्यात दुसरी असते, वाटाण्याएवढी. ती बॉस. गळ्यातलीचं काम कमी पडलं की बॉस ओरडते. काम झालं की गप्प."

"मग माझं काय झालंय?"

"तुझी बॉस खूप ओरडतेय लाह. गळ्यातली कामच करत नाही." हे 'लाह' इथल्या पोरांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला असतं.

"ऐकू येत नाही का तिला?"

पोरीने विचारलं. डॉक्टरणीने मान हलवली, पेन खाली ठेवलं आणि हळू बोलली.

"ऐकू येतं म्हणाली. पण तिच्याच्याने होत नाही."

मी त्या चित्राकडे बघत राहिले. मग डॉक्टरणीने विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का, आईला? पोरगी फॉर्म भरायला पेन धरून बसली होती. मी म्हटलं, "नाही." तिने 'नो' लिहिलं.

गोळी रोज घ्यायची. उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, अर्धा तास चहा नाही. मी सोमवारी आणि चतुर्थीला घेत नव्हते. उपासाला गोळी कशी चालेल? दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर बॉसचं ओरडणं चालूच. डॉक्टरीण रागावली. पोरीने मला सांगताना स्वतःचाही राग त्यात घातला, "उपास म्हणजे पोट रिकामं, आई. तेच तर पाहिजे त्यांना." मला हसायला यायला पाहिजे होतं. तुला आजीने अंग उतरावं म्हणून आठवड्याला तीन उपास लावले होते. तू पाणी पिऊन फुगत गेलीस आणि आजी म्हणायची, चोरून खाते.

काजूच्या कारखान्यातली मुकादमीण दारात आली तो दिवस मला दिसतो. मी अंगणात पाटी पुसतेय. तू आत निजलेली. मुकादमीण आत न येताच म्हणते, "तुझी आवस सुपावर डोक्या टेकून झोपता. तिका नको धाडू. उद्यापासून तूच ये." दुसऱ्या दिवशी मी गेले. बाईंनी शाळेतून दोनदा बोलावणं धाडलं, मग नाही धाडलं. महिन्याभरात काजूच्या चिकाने माझी बोटं काळी झाली आणि साल गेली. तू माझ्या बोटांना खोबरेल लावायचीस. तेही इतकं सावकाश की मी हात ओढून घ्यायची.

मग सहा वर्षांनंतरची ती दुपार. मे महिना. मी कारखान्यातून आले, चुलीत राख, भात नाही, आणि तू चुलीशेजारी गोधडीत. मी गोधडी ओढून फेकली.

"माका थंडी वाजता गो," तू म्हणालीस.

"मे महिन्यात? तुझ्या आळसापायी माझी शाळा गेली. आता माझं रक्तपण पी."

 तू खांब धरून उठलीस आणि तांदूळ धुवायला घेतलेस. हात लागला तेव्हा तुझा हात माठासारखा गार होता. श्रावणात तू गेलीस. मी कामावरून आले, तू निजलेली, मला वाटलं रोजचंच. मी भात केला, आमटी केली, ताट वाढलं आणि मग तुला हाक मारली.

डॉक्टरीण म्हणते, या आजारात मनसुद्धा बधिर होतं, गोळी लागू पडली की वाटायला लागेल. बघू. अजून तरी रडू आलेलं नाही.

पण काल पोरगी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच आडवी झाली. महिनाभर हेच चाललंय. मी दारातून म्हटलं, "लोळ आणखी, आळशी कुठली." ती म्हणाली, "नुसती दमलेय लाह." मी चादर ओढायला गेले. पंखा बंद होता. तिनेच केला होता. मी चादर पुन्हा घातली आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले.

बुधवारी पुन्हा नंबर आहे. पोरीचं रक्त बघा, एवढं सांगायला तुझं नाव घ्यावं लागणार. डॉक्टरीण म्हणेल, गेलेल्या माणसाला काय होतं ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मला येतं. आरशात तुझंच तोंड आहे.

फॉर्मवर 'नो' कशाला सांगितलं ते तुला सांगते, दुसऱ्या कोणाला नाही. मला त्या चित्रावरूनच कळलं होतं. पण तू आजारी होतीस असं म्हटलं, तर माझी शाळा कोणी घालवली, हे मी आता कोणाला विचारू?